बाहेरकाठा



मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातली मुलगी. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वारसा, आवड आणि पुढची स्वप्नं यांवर बोल, असं मला सांगितलं गेलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एक मातीचा बांध उभा राहिला. आमच्या शेतांच्या आणि धरमतरच्या खाडीच्या मधे तो आहे. आम्ही त्याला बाहेरकाठा म्हणतो. या तीनही गोष्टींबद्दल मला जे सांगायचं आहे, ते या बांधावरून चालतच सांगता येईल.

ज्यांनी खारेपाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. कधीकाळी इथे खाडीच होती. आमच्या पूर्वजांनी चिखल, दगड, पेंढा घालून बांध घातले, पाणी बाहेर अडवलं, आणि पावसाच्या पाण्यानं वर्षानुवर्षं जमिनीतलं मीठ धुऊन तिथे भात पिकवला. बांधात जागोजागी उघाडी असते. उघाडी म्हणजे वरच्या बाजूनं टांगलेलं दार. भरती आली की खाडीचं पाणीच ते दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला बाहेर ढकलतं आणि शेतं निचरतात. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता. ज्यानं हे पहिल्यांदा करून पाहिलं त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. मला मात्र तो माणूस माझ्या घरातलाच वाटतो.

आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आमचं नाव. मीठ पिकवणारेही आम्हीच आणि भातातून मीठ हाकलणारेही आम्हीच.

या जमिनी आम्ही घडवल्या, पण त्या आमच्या नव्हत्या. खोताच्या होत्या. पिकातला अर्धा आणि बरेचदा त्याहून अधिक वाटा खोताकडे जायचा, वर वेठ वेगळी. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी गावात सभा झाली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 25 गावांतल्या कुळांनी ठरवलं, शेतात नांगर घालायचा नाही. आपल्याच हातानं धुऊन गोडी केलेली जमीन ओस ठेवायची. हा संप 1939 पर्यंत चालला. सहा पावसाळे! शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत वाचून होतो, म्हणून मी मुद्दाम सहा पावसाळे म्हणते. लोकांनी डोंगरातली लाकडं तोडून विकली, खाडीत मासे धरले आणि दिवस काढले. माझे पणजोबा त्यांत होते. त्यांचा फोटो नाही. त्यांची कोयती मात्र अजून आमच्या पडवीत आहे, मूठ दोनदा बदललेली.

1934 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कुळकायदे आले. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ मालक झाला. आमच्या सातबाऱ्यावर आमचं नाव आहे ते या सगळ्यामुळे.

आता आवडीबद्दल. माझी आजी धवलारीण आहे. आगरी लग्नात धवले गाणारी आणि गात गात विधी लावणारी बाई म्हणजे धवलारीण. पूर्वी आमची लग्नं तीच लावायची. महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले, मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचे, हे मला कॉलेजातल्या मैत्रिणीनं सांगितलं. घरी येऊन आजीला म्हटलं, तर तिनं एवढंच विचारलं, ‘ती पण लग्न लावायची का?’ गेली दोन वर्षं मी आजीचे धवले मोबाइलवर नोंदवून ठेवते आहे. हळदीचे, मांडवाचे, पाठवणीचे. मी स्वतः लग्नात उभी राहून गावं अशी तिची इच्छा आहे, आणि मी गाणार आहे.

दुसरी आवड मातीची. ती मला बाबांकडून लागली. लहानपणी बाबा मला बांधावर न्यायचे. मागून आजी ओरडायची, ‘आधी चिंबोरीचा बील बघ!’ चिंबोरीनं बीळ पाडलं की त्यातून उधाणाचं पाणी झिरपायला लागतं. आज बोटभर, उद्या हातभर, आणि एखाद्या मोठ्या उधाणाला त्याच जागी खांड पडते. म्हणून रोज कोणीतरी बांधावरून फिरलं पाहिजे. त्यासाठी पूर्वी जोळ होती. ज्याची जितकी जमीन त्या मानानं घरटी माणसं द्यायची आणि सगळ्यांनी मिळून बांध राखायचा. पुढे बांधांचं काम सरकारी योजनांकडे गेलं आणि जोळ मोडत गेली.

मी अकरावीत असताना आमच्या बाहेरकाठ्याला खांड पडली. अर्ज झाले, पाहणी झाली, आणि दुरुस्ती व्हायला तीन पावसाळे गेले. तोवर भरती दिवसातून दोनदा आमच्या शेतात येत राहिली. पहिल्या वर्षी भात गेला. तिसऱ्या वर्षी बांधालगतच्या तुकड्यात तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं उभी राहिली. तिवर तोडायला कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच हवी. बाहेरच्या बाजूला तिवर आहे म्हणून तर लाट बांधापर्यंत पोचेस्तोवर मऊ होते. पण ज्या मातीसाठी सहा पावसाळे उपास काढले, तिथे आता नांगर घालता येणार नाही हे बाबांना कळलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी रसायनशास्त्र घ्यायचं त्याच रात्री ठरवलं.

आज मी आमच्या शेतातल्या सात ठिकाणची माती दर महिन्याला घेते आणि प्रयोगशाळेत तिची विद्युतवाहकता मोजते. दर मीटरला चार डेसिसायमनच्या वर आकडा गेला की जमीन खारवट मानतात. उन्हाळ्यात खालचं मीठ ओलीबरोबर वर चढतं आणि शेतावर पांढरी साय धरते. श्रावणापर्यंत पावसानं ते पुन्हा खाली जातं. वहीत हा चढउतार पाहताना मला फार आनंद होतो. जमीन श्वास घेते आहे असं वाटतं.

या जमिनीसाठी बियाणंही आहे. काळा रता आणि भुरा रता हे आपल्या किनाऱ्यावरचे जुने, मीठ सोसणारे भात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या जाती दिल्या. केरळात पोक्कळी भाताच्या खाचरात पीक निघाल्यावर कोळंबी वाढवतात. आमच्याकडे गावतळ्यांत जिताडा मासा वाढवतात. पावसाळ्यात खाडीतून त्याची पिल्लं आणून तळ्यात सोडायची हे आमचं जुनं काम. भात, मासा आणि तिवर एकाच गावात कसे नांदतील, कुठला तुकडा कोणाला द्यायचा, हे माती मोजूनच ठरवता येईल, अंदाजानं नाही. मला मृदाशास्त्रात एमएस्सी करायची आहे. आणि नंतर परत यायचं आहे. गावातली माझ्या वयाची बहुतेक मुलं कंपनीत किंवा मुंबईला जातात. त्यांना मी नावं ठेवत नाही, खारवट शेतावर घर चालत नाही हे मी पाहिलं आहे. पण बांध राखायला माणसं लागतात.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जणांनी नवी जोळ सुरू केली आहे. सहा मुली, पाच मुलगे. वार लावून घेतले आहेत. बिळं बुजवतो, उघाडीत अडकलेला कचरा काढतो, दाराची फळी कुजली असेल तर फोटो काढून, तारीख घालून अर्जाला जोडतो. भरतीची वेळ आम्ही आजीच्या हिशेबानं काढतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. छापील वेळापत्रकाशी मी ताडून पाहिलं, थोडाफार फरक पडतो, पण अंदाज मिळतो.

आज सप्तमी. उद्या अष्टमी, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराला. भांगाचे दिवस आहेत, पाणी फार चढणार नाही. बांधाला माती लावायची तर हेच दिवस. दक्षिणेकडच्या उघाडीजवळ परवा दोन नवी बिळं दिसली आहेत. अकराला निघायचं ठरलं आहे. बाबा फावडी घेऊन येणार आहेत, आणि आजी म्हणाली आहे, मीही येते.