बंगळूरचे पाऊसपाणी

बंगळूर म्हटले की महाराष्ट्रातील माणसाला प्रथम आठवते ती तेथील थंड हवा. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. १३ जानेवारी १८८४ रोजी येथे पारा ७.८ अंशांपर्यंत उतरला होता. उलट, २०१६ च्या एप्रिलमध्ये तो ३९.२ अंशांवर चढला, तेव्हा शहरात केवढा गहजब झाला! नागपूर-चंद्रपूरकरांना त्याचे हसूच यावे.

परंतु या शहराची खरी परीक्षा पाहिली ती पाण्याने. बंगळूरला मोठी नदी नाही. उंचवट्यावरचे पाणी भोवतालच्या खोऱ्यांत उतरून जाते. म्हणून पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक तलाव बांधले. वरचा भरला की सांडव्यावरून पाणी खालच्यात जाई. या वाटांना कानडीत ‘राजकालुवे’ म्हणतात.

१८७५ पासून पाऊस ओळीने हुकला आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात म्हैसूर संस्थान होरपळून निघाले. १८७१ च्या शिरगणतीत पन्नास लाखांवर असलेली वस्ती १८८१ मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली. मद्रासकडून आगगाडीने येणारे धान्य बंगळुरात उतरे. त्या आशेने खेड्यांतील उपाशी माणसे शहराकडे चालू लागली, आणि कित्येकांनी वाटेतच प्राण सोडले.

पुढे १८९४ मध्ये, शेषाद्री अय्यर दिवाण असताना, हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण दारात नळ आल्यावर तलावाची आठवण कोण ठेवतो? कालांतराने धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण. राजकालुवेही ठिकठिकाणी बुजले.

पाऊस मात्र आपली वाट विसरला नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये एका दिवसात १७७.६ मिलिमीटर पाऊस झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये चोवीस तासांत पडला तो १३१.६ मिलिमीटर, म्हणजे बराच कमी. तरीही बेळ्ळंदूरकडच्या धनिकांच्या वसाहतींतून माणसांना होड्यांतून आणि ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले. याचा सगळा दोष आभाळाला कसा द्यावा?

अवघ्या दीड वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, त्याच शहरात कूपनलिका कोरड्या पडल्या आणि टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. त्यानंतर २ जूनला एका दिवसात १११.१ मिलिमीटर पाऊस कोसळला, जून महिन्याचा १८९१ चा उच्चांक मोडला, आणि रस्तोरस्ती झाडे उन्मळून पडली.