गुळवेल, श्रद्धा आणि परीक्षा

(आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



कडुनिंबावर चढलेली गुळवेल मराठी घराला नवी नाही. ताप हटेनासा झाला, की आजी परसातल्या वेलीचा बोटभर तुकडा ठेचून पाण्यात भिजत घालीत असे. आयुर्वेदाने जिला ‘अमृता’ म्हटले, तिच्याविषयी समाजमनात आदर असणे स्वाभाविकच आहे. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा हा आदर घरोघरच्या काढ्याच्या भांड्यात उतरला. एरवी आयुर्वेदाचे नावही ज्या घरांत निघत नसे, तेथेही गुळवेलीचा रस नित्यनेमाने घेतला जाऊ लागला.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना यकृतावर आघात झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेलीचे सेवन केले होते. २०२१ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि वाद पेटला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, चुकून वापरली गेली असावी, अशी शक्यता आयुष मंत्रालयाने मांडली. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याचा सुप्त विकार ज्यांच्यात असतो, त्यांच्यात गुळवेल तो विकार जागा करीत असावी, असे त्या संशोधकांचे मत पडले. प्रतिकारशक्तीला चालना देणे हा जिचा गुण, तीच काही थोड्या शरीरांना अपायकारक ठरू शकते, असा त्याचा अर्थ.

यावर समाजात दोन प्रतिक्रिया उमटल्या. एक म्हणाला, हे आयुर्वेदाविरुद्धचे कारस्थान आहे. दुसरा म्हणाला, आयुर्वेद हेच थोतांड आहे. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांत एक साम्य आहे. दोघांनाही परीक्षेचे कष्ट नको आहेत.

आणि हे कष्ट करणारी माणसे तर याच महाराष्ट्रात होऊन गेली. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गुळवेलीवर वर्षानुवर्षे काम केले. पित्तमार्गातील अडथळ्यामुळे कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी केवळ प्रचलित उपचार दिले, दुसऱ्या गटाला त्यांच्या जोडीला गुळवेल दिली. दुसऱ्या गटात शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण बरेच अधिक होते. रुग्ण थोडे होते, परंतु पद्धत डोळस होती. श्रद्धेने हाती घेतलेली वनस्पती त्यांनी तुलनेच्या तराजूत घातली.

सर्पगंधेची कथाही हेच सांगते. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून ‘रेसर्पिन’ वेगळे काढले. पुढे त्याचे दोषही दिसले. काही रुग्णांना तीव्र उदासीनतेने ग्रासले. म्हणून सर्पगंधेची थोरवी कमी झाली नाही. मात्रा आणि मर्यादा कळल्या, एवढेच.

परीक्षेला नकार दिला, की परीक्षा दुसरे घेतात. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आपल्या रसशास्त्राने धातूंचे शोधन आणि मारण यांचे काटेकोर विधी सांगितले आहेत, हे खरे. परंतु विधी ग्रंथात असणे वेगळे आणि बाजारातल्या डबीत तो उतरलेला असणे वेगळे. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधींसाठी जड धातूंची चाचणी बंधनकारक झाली. परदेशी ग्राहकासाठी जी दक्षता घ्यायची, तिच्यात आपल्या घरच्या लेकराबाबत तसूभरही उणीव राहता कामा नये, हा आग्रह समाजाने धरायचा आहे. तो धरणे हेही स्वदेशीचेच व्रत आहे.

हा आग्रह परका नाही. नीट योजलेले विषही औषध होते आणि अयोग्य रीतीने दिलेले औषध विष बनते, ही जाणीव चरकसंहितेने दिली आहे. वनौषधींची नावे आणि रूपे गुराख्यांना व वनवासींना ठाऊक असतात, परंतु देश, काल आणि व्यक्ती पाहून योजना करणारा तोच खरा वैद्य, असेही चरक सांगतात. ‘वनस्पतीच ती, अपाय कसला?’ हे वाक्य आयुर्वेदाचे नव्हे. ते जाहिरातीचे आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही पथ्ये पाळावीत. काढा, चूर्ण किंवा भस्म जे काही चालू असेल, ते डॉक्टरांना आणि वैद्यांना न लपवता सांगावे. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटक ज्यावर छापलेले नाहीत, ती पुडी घरात आणू नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर औषध थांबवून तत्काळ तपासणी करावी. वैद्यमंडळींनीही अपायाची नोंद करणे कमीपणाचे मानू नये. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्था २००८ पासून त्यासाठीच उभी आहे.

वारसा नुसता मिरवल्याने टिकत नाही. प्रत्येक पिढीला तो पारखून घ्यावा लागतो. आपले सोने खरे आहे, असा ज्याचा विश्वास असतो, तो कसोटीच्या दगडाला भीत नाही.