यादीत नसलेलं कार्ड

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये हेडफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लिखित मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" थोडे कमी केलेत.

गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: "दादा, एडिटिंगसाठी गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड चालतं का, की प्रोफेशनलच घ्यावं लागतं?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण या प्रश्नात आमच्या घरात मामीच्या पाटल्या गहाण पडायच्या राहिल्या होत्या, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

2012 ची गोष्ट. माझी दहावीची परीक्षा संपली होती आणि सुट्टीत मी इथे जुळे सोलापुरात मामांकडे होतो. मामांचं शूटिंग-मिक्सिंगचं काम. घराच्या पुढच्या खोलीला शटर लावून केलेलं दुकान. लग्नं, बारसं, जानेवारीत गड्ड्याच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं शूटिंग. कॅनन 600डी नवीन घेतला होता आणि तिथंच घोळ सुरू झाला. आधीच्या टेपवाल्या कॅमेऱ्याचं फुटेज त्यांच्या मशीनवर आरामात चालायचं. या कॅमेऱ्याचं फुल एचडी टाइमलाइनवर टाकलं, त्यावर थोडं कलर करेक्शन केलं, की नवरदेव घोड्यावरून उतरायचा तो तीन हप्त्यांत. प्रीमियरमध्ये वर लाल पट्टी. लाल म्हणजे आधी रेंडर लाव, मग बघ. रेंडर लावायचा आणि जेवायला जायचं, आणि तेवढ्यात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मामांनी एका विक्रेत्याला विचारलं. त्यानं कोटेशन दिलं: क्वाड्रो कार्ड, साठ हजारांच्या आसपास. म्हणाला, "तुमच्या सॉफ्टवेअरला हेच लागतं, गेमचं कार्ड ते ओळखतच नाही." मामांनी पतसंस्थेत सोनेतारणाची चौकशी करून ठेवली. मामी काही बोलल्या नाहीत, पण त्या आठवड्यात घरात भांडी जरा जोरात वाजत होती.

आता गंमत बघा. तो विक्रेता खोटं बोलत नव्हता. सॉफ्टवेअर गेमचं कार्ड खरंच ओळखत नव्हतं. प्रश्न हा होता, की का ओळखत नव्हतं?

जरा मागे जातो. 2010 मध्ये अडोबीनं प्रीमियर प्रो सीएस5 आणलं, त्यात मर्क्युरी प्लेबॅक इंजिन होतं. इफेक्ट, स्केलिंग, दोन थर एकमेकांत मिसळणं, ही सगळी आकडेमोड प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डवर करायची, एनव्हिडियाच्या कुडा तंत्रानं. एकच गोष्ट हजारो पिक्सेलवर एकदम करायची असेल तर कार्ड त्यात बाप आहे. पण सुरुवातीला ही सोय मोजक्याच कार्डांना होती. क्वाड्रोची तीन-चार मॉडेल्स आणि गेमिंगवाल्यांपैकी एकटं जीटीएक्स 285. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं जीटीएक्स 480, जे 285 पेक्षा सरळसरळ ताकदवान होतं, ते या यादीत नव्हतं.

आणि ही यादी कुठं होती? चिपमध्ये नाही, ड्रायव्हरमध्ये नाही. प्रीमियरच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल: कुडा अंडरस्कोर सपोर्टेड अंडरस्कोर कार्ड्स डॉट टीएक्सटी. नोटपॅडमध्ये उघडते. एका ओळीत एका कार्डाचं नाव. सॉफ्टवेअर सुरू होताना बघतं, तुमच्या कार्डाचं नाव यात आहे का. आहे, या बसा. नाही, बाहेर.

लग्नाच्या पंगतीत दारात यादी घेऊन बसलेला मामा असतो ना, तसं. फक्त इथं यादी आणि पेन दोन्ही टेबलावर ठेवून तो जेवायला गेलेला.

हे मला नेटवर वाचून कळलं. तेव्हा जगभरचे एडिटर हेच करत होते. त्याच फोल्डरमध्ये जीपीयू स्निफर नावाचा छोटा प्रोग्राम असायचा. तो कमांड प्रॉम्प्टमधून चालवायचा, तो तुमच्या कार्डाचं नेमकं नाव छापतो. ते नाव स्पेससकट जसंच्या तसं यादीत एका नव्या ओळीवर लिहायचं, सेव्ह करायचं. मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवायची आणि नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, नाहीतर विंडोज सेव्हच करू देत नाही. बास.

मी मामांना म्हणालो, "मामा, तुम्ही नऊ-दहा हजारांचं कार्ड घ्या, मी चालवून दाखवतो." पंधरा वर्षांच्या पोराचं कोण ऐकतं? पण साठ आणि दहा यात पन्नासचा फरक आहे, आणि मामांना पाटल्या दिसत होत्या. जीटीएक्स 550 टीआय आलं, 1 जीबीचं. आणल्यावर कळलं की त्याला वेगळी सहा पिनांची पॉवर केबल लागते आणि आमच्या एसएमपीएसला ती नाहीच. मग हार्डडिस्कच्या वायरीतून जोड देणारा अडॅप्टर शोधायला अख्खी नवी पेठ फिरलो. (आज हे करू नका. एसएमपीएस चांगला घ्या. स्टिकरवरचे वॅट आणि आतले वॅट हे दोन वेगळे विषय आहेत.)

यादीत नाव लिहिलं. प्रीमियर उघडलं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडररचा पर्याय, जो आजवर राखाडी होता, तो काळा झाला. जीपीयू अॅक्सिलरेशन निवडलं. अख्ख्या टाइमलाइनवरची लाल पट्टी पिवळी झाली. पिवळी म्हणजे रेंडर न करता चालेल. आणि नवरदेव घोड्यावरून सलग उतरला. मामांनी ती क्लिप चार वेळा बघितली. मी त्या संध्याकाळी स्वतःला काय समजत होतो ते सांगत नाही.

आता खरा भाग. दहा दिवसांनी एका लग्नाची डिलिव्हरी होती. शनिवारची रात्र. मुलगी रविवारी सकाळी नवऱ्याबरोबर दुबईला निघणार, आणि डीव्हीडी तिच्या बॅगेत गेली पाहिजे, तरच उरलेले पैसे. मामांनी एक्सपोर्ट लावला. एरवी आता तासाभरात व्हायचं ते काम, त्यावर अंदाजे वेळ आला सहा तासांच्या वर. आणि आकडा वाढतच होता. प्रोसेसर शंभर टक्के, आणि कार्डाचा पंखा गप्प. म्हणजे कार्ड कामच करत नव्हतं. यादीत नाव होतं, पर्याय निवडलेला होता, तरी.

मामी दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "पोराच्या नादी लागून पैसे घातले." बरोबरच होतं त्यांचं.

मी काय केलं, टाइमलाइनचा पहिला अर्धा भाग वेगळा एक्सपोर्ट करून बघितला. झपाझप. दुसरा अर्धा, रडतोय. मग त्याचा अर्धा. (पुढे कॉलेजात याला बायनरी सर्च म्हणतात हे कळलं, तेव्हा मला मामांचं दुकान आठवलं.) शेवटी सापडलं. शेवटी एक फोटोंचा स्लाइड शो होता, ऐंशीएक फोटो, एकातून दुसरा हळूच उमटणारे. तेवढा भाग काढला की बाकी सगळं कार्डावर चालत होतं.

आज गणित मांडून सांगतो. 600डीचा फोटो 5184 बाय 3456, म्हणजे जवळपास 1.8 कोटी पिक्सेल. हे इंजिन कार्डावर प्रत्येक पिक्सेलसाठी चार आकडे ठेवतं, लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता, आणि प्रत्येक आकडा चार बाइटचा. म्हणजे पिक्सेलला 16 बाइट. एका फोटोला झाले साधारण 287 एमबी. एकातून दुसरा उमटतो तेव्हा दोन्ही फोटो एकाच वेळी लागतात: 570 च्या पुढे. त्यावर मधली आकडेमोड, तयार होणारी फ्रेम, विंडोजचा स्वतःचा वाटा. 1 जीबी भरली. आणि मेमरी पुरत नसेल तर प्रीमियर भांडत नाही, गुपचूप सगळं काम प्रोसेसरकडे देऊन टाकतं. एररसुद्धा नाही. नुसतं हळू.

जेपीजी फाइल पाच-सहा एमबीची दिसते ना, तिथंच आपण फसतो. ती घडी घातलेली साडी आहे. कार्डावर ती पूर्ण उलगडून पसरावी लागते.

मग फोटोशॉपमध्ये सगळे फोटो एका दमात 1920 रुंदीचे केले. आता एक फोटो 40 एमबीच्या आत. व्हिडिओच 1920 चा आहे, तर मोठा फोटो ठेवून फायदा तसाही फारसा नव्हता. एक्सपोर्ट पुन्हा लावला. पंखा फिरायला लागला. तो आवाज मला अजून आठवतो. पहाटे साडेचारला डीव्हीडी जळाली आणि मामांनी सात वाजता स्कूटरवरून नेऊन दिली.

त्या रात्रीपर्यंत माझं मत होतं की कंपन्या लुबाडतात, बास. सारखीच चिप, वेगळा स्टिकर. आणि ते अर्धं खरंही आहे. जीटीएक्स 285 आणि क्वाड्रो एफएक्स 5800 एकाच चिपच्या घराण्यातले, दोन्हींत 240 कोअर, किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. पण 285 वर मेमरी 1 जीबी आणि 5800 वर 4 जीबी. आमचा स्लाइड शो नेमका त्या तीन जीबीत अडकला होता. यादीत मी हवं ते लिहू शकत होतो. मेमरी नोटपॅडमध्ये लिहून वाढत नाही. आणि यादी का होती, तर त्या कार्डांवर त्यांनी स्वतः तपासणी केली होती, बिघडलं तर ते उत्तर देणार होते. माझ्या कार्डाचं उत्तर रात्री दोन वाजता मलाच द्यायचं होतं.

ती यादी नंतर गेली. 2013 च्या प्रीमियर सीसीमध्ये "हे कार्ड आम्ही तपासलेलं नाही" एवढी सूचना देऊन कुठलंही पुरेसं कार्ड चालू करता यायला लागलं, आणि 2014 पासून यादीच नाही. म्हणून आज कोणी सांगितलं की "फाइलमध्ये नाव टाक", तर तो जुना व्हिडिओ बघून आलाय.

पण कागदी कुलपं अजून आहेत. गेमिंगच्या कार्डावर एका वेळी किती व्हिडिओ एन्कोड करता येतील यावर एनव्हिडियाची मर्यादा आहे. ती तीन होती, 2023 मध्ये पाच झाली, 2024 मध्ये आठ. कार्ड तेच, नुसता ड्रायव्हर बदलला. फोटोशॉपसारख्या प्रोग्रामात 10-बिट रंग दाखवणं क्वाड्रोपुरतं होतं, ते 2019 मध्ये स्टुडिओ ड्रायव्हरनं साध्या कार्डांना दिलं. तो ड्रायव्हर फुकट आहे. एडिटिंग करत असाल तर गेम रेडीऐवजी तोच टाका.

आणि खऱ्या भिंतीही आहेत. मागच्या वर्षी मामेभाऊ रडत आला. दुकान आता तो बघतो. आरटीएक्स 3060, 12 जीबी मेमरी, आय5 12400एफ. नवा सोनी कॅमेरा. तरी टाइमलाइन अडखळते, अगदी 2012 सारखी. कॅमेऱ्यात त्यानं 4:2:2 10-बिट निवडलं होतं. म्हणजे काय, तर साध्या 4:2:0 मध्ये चार पिक्सेल मिळून एक रंग वाटून घेतात, 4:2:2 मध्ये दोनच. शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा यात फरक पडतो, त्यानं निवडलं ते चुकीचं नव्हतं. पण व्हिडिओ उलगडायला कार्डात एक वेगळा छोटा भाग असतो, आणि 3060 च्या त्या भागाला 4:2:2 येतच नाही. सिलिकॉनमध्येच नाही. कुठलीही फाइल बदला, काही होणार नाही. एनव्हिडियाच्या साध्या कार्डांत ते आलं 2025 च्या 50 मालिकेत.

इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र एच265 चं 4:2:2 10-बिट कधीपासून येतं. आणि 12400 मागचा तो "एफ" म्हणजे काय? तेच ग्राफिक्स बंद केलेलं. दोनेक हजार वाचवायला मशीन जुळवणाऱ्यानं एफ घातला होता, आणि गेमिंगच्या पीसीला ते योग्यच आहे. आम्ही प्रोसेसर बदलून बिना-एफचा 12400 टाकला, जुना ओएलएक्सवर विकला, आणि कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एस ऐवजी एक्सएव्हीसी एचएस लावलं, कारण पहिलं एच264 आहे आणि त्याचं 4:2:2 या 12400 लाही हार्डवेअरमध्ये जमत नाही. अडखळणं थांबलं. 3060 तसंच आहे, रंग आणि इफेक्टचं काम तेच करतं. हे करायचं नसेल तर प्रॉक्सी बनवून एडिट करा, वेळ जातो पण पैसे जात नाहीत.

लिनक्सवाल्यांसाठी घाईत: दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच264 आणि एच265 उघडत नाही. मी उबुंटूवर टाकून, क्लिप ओढून, कार्डाला शिव्या देत एक रविवार घालवलाय. कार्डाचा दोष नव्हता.

आणि सोलापूरकरांनो, मे महिन्यात पश्चिमेला शटर असलेल्या दुकानात बाहेर बेचाळीस असताना कुठलंही कार्ड फार तापलं की स्वतःहून वेग कमी करतं. क्वाड्रो असो की गेमिंगचं. मामेभावानं कॅबिनेटची बाजूची पत्री काढून टेबल फॅन लावलाय. दिसायला वाईट आहे, पण सीझनभर चाललं.

कार्ड घ्यायच्या आधी मला तीन गोष्टी पाठवा: कॅमेरा कुठला, त्यात फॉरमॅट कुठला लावता, आणि प्रोसेसरच्या नावामागे एफ आहे का. पुढच्या भागात त्यातले निवडक घेतो. मामी विचारत होत्या, हा भाग कधी येणार. पाटल्यांचं सांगितलंय हे त्यांना अजून माहीत नाही.