खळ, डिंक आणि पाणी

(धनज येथील मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



हिशेबाची वही जरा बाजूला ठेवा. आज मला खळीबद्दल बोलायचं आहे. पावसाळ्यात आपल्या एका गटाच्या कागदी पिशव्यांचा गठ्ठा दुकानदाराने परत केला. काहींचे तळ सुटले होते, काहींना बुरशी आली होती. माल गेला तो गेलाच, पण गटात "तूच खय पातय केली" असं सुरू झालं आणि एका मावशींनी बैठकीला येणंच सोडलं. त्या आज आल्या आहेत, म्हणून सर्वांसमोर सांगते: चूक त्यांच्या हाताची नव्हती. खळीचं आणि पाण्याचं नातं आपण समजून घेतलं नव्हतं. शिकवताना मीही ते सांगितलं नव्हतं.

मैद्यात स्टार्च असतो. त्याचे बारीक दाणे थंड पाण्यात नुसते भिजतात, चिकटत नाहीत. साधारण ६० ते ७० अंशांची उष्णता लागली की ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतले लांब धागे मोकळे होतात. हेच धागे कागदाच्या तंतूंना धरतात. म्हणून मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, मग उकळत्या पाण्यात ढवळत सोडायचा. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गाठी होतात, कारण वरचा थर लगेच फुगतो आणि आत कोरडंच राहतं. खळ दुधी रंगाची न राहता पारदर्शक दिसू लागली की शिजली समजा.

पण पकड येते ती पाणी निघून गेल्यावर. पावसाळ्यात हवाच ओली, मग खळीतलं पाणी जाणार कुठे? आपण त्याच दिवशी पिशव्या एकावर एक रचून गठ्ठा बांधला. ओल आत कोंडली, पिठावर बुरशी धरली. आणि जे धागे कागदाला धरतात, त्यांना पाणीही तितकंच जवळचं. ओल परत आली की ते कागद सोडून पाण्याला धरतात. बाभळीच्या डिंकाचंही तसंच, तो पाण्यात विरघळतो.

फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात प्लॅस्टिकचे अतिबारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून पापुद्रा धरतो. तो खळीपेक्षा ओल जास्त सोसतो, पण साधा पांढरा गोंद फार वेळ पाण्यात राहिला तर मऊ पडतोच.

फेविक्विकची तऱ्हा उलटी. हवेतली आणि बोटावरची थोडीशी ओलच त्याला घट्ट करते, म्हणून बोटं लगेच चिकटतात. तो सांडला तर सुती कापडाने पुसू नका. कापसावर तो इतका तापतो की चटका बसतो. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. लेकरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

आता कामाचं बोला. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कागदी पिशवीचं काम सोडायचं नाही. फक्त एवढं पाळा:

रोजची खळ रोज करा. शिळी, आंबूस खळ वापरू नका.
खळीचा थर पातळ आणि सारखा लावा. जाड थर उशिरा वाळतो.
पिशव्या पसरून पूर्ण वाळवा, मगच रचा. पावसाळ्यात एक दिवस जास्त द्या.
बुरशी येऊ नये म्हणून काही जण खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे. खाण्याच्या मालाच्या पिशवीला अजिबात नको.
प्रत्येक खेपेतली एक पिशवी किलोभर गहू भरून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी तळ टिकला तरच माल पाठवा.

आणि गठ्ठा परत आलाच, तर आधी खळ तपासा, मग हवा बघा. बाईला बोल लावू नका. मावशी, पुढच्या खेपेची खळ तुमच्या हातची.