परसदाराची वाट

श्रोतेहो, व्याख्यानमालेत संगणकाचा विषय निघाला की मागच्या रांगा चहाकडे वळतात, हे मी जाणतो. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

समजा, काही शोधपत्रकार वेबसाइट चालवतात. सर्व्हरचा खरा ठिकाणा कळू नये म्हणून त्यांनी पुढे एका मोठ्या सेवेचा आडोसा घेतला आहे. एक दिवस कुणीतरी तिथे लिंक टाकतो आणि तिच्यातलं चित्र दाखवण्यासाठी सर्व्हर स्वतःच ती लिंक उघडायला जातो. लिंक असते टाकणाऱ्याच्याच मशीनची. सर्व्हरचा आयपी पत्ता तिथे आपसूक नोंदला जातो. पुढच्या दाराला कुलूप, आणि मालक परसदारातून जाऊन स्वतःच नावगाव सांगून आला!

या परसदारासाठी, म्हणजे सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या मागण्यांसाठी, टॉर नावाचं ओळख झाकणारं जाळं वापरतात. मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. मागणी तीन टप्प्यांतून जाते. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, कुठे निघालात ते नाही. शेवटच्याचं नेमकं उलटं. मधल्याला दोन्ही कळत नाही. ॲप्लिकेशनला टॉर ९०५० क्रमांकाच्या पोर्टवर, सॉक्स प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून भेटतो.

खरी मेख पुढे आहे. पायथनमधल्या ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीला प्रॉक्सीच्या पत्त्यात ‘सॉक्स५’ असं सांगितलं, तर माल प्रॉक्सीतून जातो. पण साइटच्या नावाचा आकडी पत्ता तुमचंच मशीन नेहमीच्या डीएनएसला उघडपणे विचारतं. ‘सॉक्स५एच’ लिहिलं की तो शोधही प्रॉक्सीच्या पलीकडे होतो. एका ‘एच’चा फरक! बुरखा घेऊन निघायचं आणि नाक्यावर रिक्षावाल्याला मोठ्याने पत्ता विचारायचा, तशी ही गत.

आणि टॉर म्हणजे तिजोरी नव्हे. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश तज्ज्ञाने पाच शेवटचे टप्पे स्वतः चालवले आणि तिथून उघड्यावर जाणारे वकिलातींच्या ईमेलचे पासवर्ड टिपले. त्यांत भारतीय वकिलातीही होत्या. टॉर पत्ता झाकतो. मजकूर झाकायला एचटीटीपीएस वेगळं लागतं.

माझं मत विचाराल तर प्रॉक्सीची भिस्त प्रोग्रामरच्या आठवणीवर ठेवूच नये. मुख्य ॲप्लिकेशनला सेटिंग दिलेलं असतं. रात्री चालणारं एखादं पार्श्वभूमीतलं काम ते विसरतं आणि थेट बाहेर पडतं. ॲप्लिकेशनला सर्व्हरवर स्वतंत्र वापरकर्ता द्यावा, आणि त्या वापरकर्त्याला ९०५० खेरीज बाहेरची प्रत्येक वाट फायरवॉलने बंद करावी. वेग मंदावतो, काही साइट टॉरला दारातूनच परत पाठवतात, यूडीपी प्रकारची वाहतूक तर त्यातून जातच नाही. हे गृहीतच धरायचं.

तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांनी उद्या एवढंच करावं: चाचणीच्या सर्व्हरवर टॉर बंद करून ॲप्लिकेशनकडून बाहेरची एखादी लिंक मागवून पाहावी. ती आली, तर परसदार उघडं आहे.