टेलिफोनच्या दोरीचा पीळ

टेलिफोनचें यंत्र घरांत येऊन बसलें, कीं थोड्याच दिवसांत त्याची दोरी स्वतःच्याच अंगाभोंवतीं वेटोळीं घालूं लागते. नवी असतांना जी सहज दोन हात लांबत होती, ती वर्षभरांत वितीवर येते. वडील मंडळी मुलांवर रागावतात, मुलें नोकराकडे बोट दाखवितात, आणि कचेरींत तर हा दोष ठरलेल्याप्रमाणें शिपायाच्या माथीं बसतो. वास्तविक कोणी खोडी केलेली नसते. दोरी गुंतते ती रोजच्या साध्या वापरानेंच.

मोबाइलच्या या दिवसांत दोरीचा टेलिफोन घरोघरीं उरलेला नाहीं, हें खरें. तथापि इस्पितळांतील परिचारिकांच्या मेजावर, पोलीस ठाण्यांत, हॉटेलांच्या खोल्यांत आणि कित्येक वृद्ध दांपत्यांच्या दिवाणखान्यांत तो अद्याप आहे. आणि जेथें आहे, तेथें बहुधा त्याच्यावांचून भागत नाहीं म्हणूनच आहे. अशा ठिकाणीं आखडलेल्या दोरीचा एखादा फुगीर वेढा रिसीव्हरखालीं सांपडतो. रिसीव्हर जागेवर ठेवलासा दिसतो, पण खालचा खटका पुरता दबलेला नसतो. घरच्यांस वाटतें, आज कोणाची आठवण झाली नाहीं. आणि परगांवीं असलेला मुलगा रात्रभर टेलिफोन लावीत असतो व त्यास तो प्रत्येक वेळीं ‘एंगेज’ मिळतो. वृद्ध आईबापांच्या बाबतींत अशी रात्र काढणें किती कठीण, हें ज्यानें ती काढली असेल त्यासच ठाऊक.

दुसरा अपाय दोरीच्या पोटांत होतो. तिच्यांत बहुधा चार बारीक वाहक असतात. दोन कानाकडील भागासाठीं, दोन मुखाकडील भागासाठीं. हे वाहक म्हणजे नुसती तांब्याची तार नव्हे. तशी तार वारंवार वांकवली तर लौकरच मोडेल. म्हणून धाग्यावर तांब्याच्या अत्यंत पातळ पट्ट्या गुंडाळून वाहक तयार करतात; पैठणीच्या पदरांतील जर रेशमावर चढवावी, अगदीं तशी ही रचना आहे. वांकणें ही जर पुष्कळ सोसते, परंतु एकाच ठिकाणीं पडलेली तीव्र मुरड तिला सोसवत नाहीं. दोरी जेथें रिसीव्हरमध्यें शिरते तेथें प्रथम खरखर ऐकूं येऊं लागते, मग आवाज तुटक होतो, आणि एके दिवशीं, बहुधा डॉक्टरांस बोलावण्याच्या वेळीं, तो अजिबात बंद पडतो.

आतां हा पीळ येतो कोठून? मनुष्य उजव्या हातानें रिसीव्हर उचलतो व उजव्या कानास लावतो. इतक्यांत कांहीं टिपून घेण्याची वेळ येते, म्हणून तो रिसीव्हर डाव्या हातांत घेतो. बोलणें संपल्यावर डाव्या हातानेंच तो परत ठेवतो. जाण्याचा मार्ग एक व येण्याचा दुसरा. त्यामुळें या फेरींत रिसीव्हरनें स्वतःभोंवतीं एक गिरकी घेतलेली असते, आणि ती दोरींत साठून राहते. दिवसांतून पांच वेळां असें झालें, तर महिन्यास दीडशें गिरक्या होतात. मनुष्य संवयीचा गुलाम असल्यामुळें त्या बहुतेक एकाच दिशेच्या असतात; एरवीं त्या आपोआप फिटल्या असत्या.

चरख्यावर सूत काढणारांस पुढचा प्रकार परिचित आहे. पीळ जास्त बसला, कीं सूत ढिलें सोडतांच तें स्वतःवरच वळतें. त्या वेळीं तें ओढून धरलें तर सरळ दिसतें, पण पीळ गेलेला नसतो. तो केवळ आंत लपतो. अमेरिकन गणिती ब्रॉक फुलर यानें १९७१ सालीं अशा वेटोळ्यांचें मोजमाप कसें करावें, हें दाखविलें. दोन्ही टोकें पक्कीं धरलेलीं असतील, तर अंगांतला पीळ व बाहेरचीं वेटोळीं यांची बेरीज कायम राहते. एक कमी झालें कीं दुसरें वाढतें. म्हणून दोरी जोरानें ओढून नीट करण्याचा जो सर्वत्र रूढ उपाय, तो व्यर्थ आहे. इतकेंच नव्हे, तर आंतल्या जरीस तो घातकही आहे. पेशींतील डीएनएच्या धाग्यासही हाच हिशेब लागू पडतो, आणि तेथें धागा क्षणभर तोडून पुन्हां जोडणारीं खास विकरें निसर्गानें नेमलीं आहेत. टेलिफोनवाल्यास इतकी यातायात नको. त्याच्या दोरीचें एक टोक मोकळें करतां येतें.

यंत्र मेजाच्या कडेशीं आणावें, एका हातानें तें घट्ट धरावें, आणि रिसीव्हर जमिनीस न लागेल असा हळूच लोंबता सोडावा. विहिरीच्या दोरावर घागर फिरते तसा तो गरगर फिरेल, थोडा उलट फिरेल आणि स्थिर होईल. तेवढा वेळ टेलिफोन बाहेरच्यांस लागणार नाहीं, म्हणून हें काम निवांत वेळीं करावें. दोरीचें टोक खटकन् निघणारें असेल, तर रिसीव्हर लोंबविण्याचेंही कारण नाहीं. टोक काढावें, दोरी बोटांतून सोडीत न्यावी, पीळ फिटला कीं पुन्हां बसवावें.

कित्येक दोऱ्यांत मात्र निराळीच विकृति दिसते. अर्धीं वळणें उजवीकडे, अर्धीं डावीकडे, आणि मधोमध एक वेडीवांकडी सांध. काकडीच्या किंवा दोडक्याच्या वेलाचा ताणा दोन्ही बाजूंनीं धरला गेला, कीं त्यांतही अशीच सांध येते. चार्ल्स डार्विननें १८६५ सालच्या आपल्या निबंधांत तिचें वर्णन केलें आहे. वेलास ती उपकारक, टेलिफोनास मात्र नाहीं. तेथें टोक काढून, सांधेपासून एकेक वळण हातानें उलटें फिरवीत, ती सांध टोकाबाहेर घालवावी लागते. काम कंटाळवाणें, पण पांच मिनिटांचें.

पुन्हां गुंता होऊं नये यासाठीं हाताचा मार्ग सुधारला पाहिजे. मेजावरच्या बहुतेक यंत्रांची दोरी डाव्या बाजूनें निघते, तें कांहीं उगीच नव्हे. डाव्या हातानें उचलावें, डाव्या कानानें ऐकावें, उजव्या हातानें लिहावें, आणि ज्या वाटेनें रिसीव्हर वर आला त्याच वाटेनें डाव्या हातानेंच परत ठेवावा. डाव्या हाताविषयींचा जुना संकोच येथें आड येऊं देण्याचें कारण नाहीं. डावखुऱ्यांनीं यंत्र उजवीकडे ठेवून हात बदलावा, नियम तोच.

दोरी व रिसीव्हर यांच्यामध्यें बसविण्याचा एक लहानसा फिरता जोडही बाजारांत मिळतो. त्यांतील स्पर्शबिंदु कालांतरानें झिजतात, धूळ बसून खरखर करतात, म्हणून तो अधूनमधून बदलावा लागतो. इस्पितळासारख्या ठिकाणीं, जेथें एकाच यंत्रास दिवसभर दहा जणांचे हात लागतात, तेथें तो घेणें इष्ट. घरीं महिन्यांतून एकदां रिसीव्हर लोंबता सोडला, तरी पुरे होतें.