औषधाच्या चाचणीतील साक्षीदार

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



औषध उद्योगात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. मात्र त्यांतील एकही दिवस मी औषध तयार केले नाही. नवे औषध विक्रीस येण्यापूर्वी ते माणसांवर पारखून पाहावे लागते. त्या पारखणीची व्यवस्था लावणे, हे माझे काम होते. रुग्णालये निवडणे, केंद्रीय औषध नियंत्रकांची व नीतिसमितीची मान्यता मिळविणे, थंड ठेवावयाची औषधे दोन ते आठ अंशांच्या तपमानात राहतात की नाही ते पाहणे आणि केसपेपरवरील प्रत्येक आकडा आमच्या नोंदींशी ताडणे, असे त्याचे स्वरूप. तालुक्याच्या कचेरीत हिशेबतपासनीस आला की जी चुळबुळ सुरू होते, तीच मी रुग्णालयात पाऊल टाकताच होत असे. चहा मात्र चांगला मिळे.

या साऱ्या कागदांत मी प्रथम संमतिपत्र उघडीत असे. औषध प्रायोगिक आहे, त्याचे अपाय कोणते असू शकतात, केव्हाही माघार घेता येते, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगून मगच त्याची सही घ्यावयाची असते. आणि त्यापूर्वी चाचणीसाठी त्याचे थेंबभर रक्तही काढावयाचे नसते.

२००६ साली मराठवाड्यातील एका रुग्णालयात मधुमेहाच्या औषधाची चाचणी चालू होती. तेथे तीन संमतिपत्रांवरील तारीख रक्त काढल्याच्या दुसऱ्या दिवसाची निघाली. तिन्हींवर अंगठे होते आणि साक्षीदार म्हणून एकाच शिक्षकाची सही होती. मी त्यांतील एका वृद्ध गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, ‘‘मास्तरांनी सांगितलं म्हनून दिला अंगठा. सरकारी योजनेचा कागद असंल, असं वाटलं.’’ मास्तरांचा हेतू वाईट नव्हता. गावच्या माणसाला फुकट औषध मिळेल, एवढेच त्यांनी जाणले होते. डॉक्टरांनी माहिती सांगितली तेव्हा ते तेथे नव्हतेच. सहीपुरते त्यांना नंतर बोलाविण्यात आले होते.

आमच्या कार्यालयातून सूचना आली, ‘‘तारीख दुरुस्त करून घ्या, महिन्याचे काम वाया जाईल.’’ मी तसे न करता ती बाब नीतिसमितीला लेखी कळविली. माझी बढती त्यामुळे वर्षभर लांबली. त्याचे वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

हा प्रकार एकट्या त्या रुग्णालयातील नव्हे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस प्रात्यक्षिक प्रकल्प म्हणून टोचण्यात आली. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण संमतीचे काय? संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आईबापांनी द्यावयाची संमती वसतिगृहाच्या टेबलावरच उरकली होती.

शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच यांच्या शब्दाला गावात वजन असते, म्हणूनच असे कागद आपल्यापुढे येतात. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९ अन्वये रुग्णाला वाचता येत नसेल तर माहिती देण्याच्या संपूर्ण वेळेत निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. निःपक्ष म्हणजे रुग्णाचे मन न वळविणारा. आपण ते बोलणे प्रत्यक्ष ऐकले नसेल, तर सही करू नये. संमतिपत्राची प्रत रुग्णाला मिळाली काय, तीवर नीतिसमितीचा दूरध्वनी क्रमांक आहे काय, हे अवश्य पाहावे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई यांची तरतूद नियमांत आहे. पण हाती कागदच नसला तर दाद मागणार कशाच्या आधारे? १५ जून २००९ पासून प्रत्येक चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंद बंधनकारक आहे आणि ती कोणालाही पाहता येते.

त्या वृद्ध गृहस्थांना डॉक्टरांनी पुन्हा बोलाविले आणि पाऊण तास सारे समजावून सांगितले. सुनेला विचारून येतो, असे म्हणून ते गेले आणि आठ दिवसांनी येऊन नको म्हणाले. त्यांचे नेहमीचे उपचार त्याच रुग्णालयात पुढे चालू राहिले.